‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे

कोणत्याही राष्ट्राच्या उन्नतीची गोष्ट निघाली म्हणजे लोक प्रथम त्याची शेते, गिरण्या, आगगाड्या आणि बंदरे यांची मोजदाद करू लागतात. ही मोजदाद योग्यच आहे. तथापि ती पुरेशी नाही. ज्यांच्या हातांनी शेते पिकतात व ज्यांच्या घामावर यंत्रे फिरतात, त्या माणसांस आपले सुखदुःख आपल्या भाषेत बोलता येते काय, ते छापून चारचौघांपुढे मांडता येते काय, आणि मांडले असता ते राज्यकर्त्यांच्या कानी जाते काय, हेही पाहिले पाहिजे. जो वर्ग मुका राहिला तो राष्ट्राच्या संपत्तीत भर घालतो, परंतु राष्ट्राच्या विचारात त्याला वाटा मिळत नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांस मराठी भाषेच्या द्वारे व एका लहानशा साप्ताहिकाच्या द्वारे ज्यांनी वाचा दिली, त्या रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांचे अल्प चरित्र आम्ही या अंकी वाचकांस सादर करीत आहो.

हा पुरुष निवडण्यास आणखीही एक कारण आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आज कारखान्यांची जी अखंड रांग लागली आहे, तिच्या आश्रयाने आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची घरे चालतात. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कनेरसर हे लोखंडे घराण्याचे मूळ गाव. भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून ज्यांस सर्वत्र मान मिळतो, त्यांचे कूळ आमच्या उंबरठ्याशीच असावे आणि आमच्या मुलांस त्यांचे नावही ठाऊक नसावे, ही गोष्ट बरी नव्हे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब माळी कुटुंबात झाला. तो काळ मोठ्या स्थित्यंतराचा होता. नारायण पाच वर्षांचा होता तेव्हा, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून ठाण्यास हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी आली. पुढे तीन वर्षांनी, १८५६ साली, कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी मुंबईत सुरू झाली. अशा रीतीने जे यंत्रयुग पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय व्हावयाचे होते, ते त्यांच्या बालपणीच दारी येऊन उभे राहिले होते.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे शिक्षण आटोपून त्यांस लवकरच चाकरी धरावी लागली. काही काळ रेल्वेत व काही काळ टपालखात्यात काम केल्यावर ते मुंबईतील मांडवी येथील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. ही नोकरी त्यांच्या आयुष्यास वळण देणारी ठरली. स्टोअरकीपर हा ना मालक, ना मजूर. त्याची ऊठबस कचेरीत असते आणि डोळ्यांसमोर साचे चाललेले असतात. इंग्रजी हिशेबाचे कागद त्याच्या हातून जातात व कामकऱ्यांची मराठी बोलणी त्याच्या कानी पडतात. या दोहोंमधील अंतर किती मोठे आहे, हे लोखंडे यांस तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

त्या वेळच्या गिरण्यांची स्थिती आजच्या मुलांस खरी वाटणार नाही. विजेचे दिवे नसल्यामुळे सूर्य उगवला की काम सुरू होई व सूर्य मावळला की ते थांबे. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. सणावाराचे थोडे दिवस सोडले, तर आठवड्याची सुट्टी म्हणून काही ठरलेली नव्हती. आणि यंत्रे बंद असली तरी ती पुसून साफ करण्यासाठी कामकऱ्यांस बोलावीत. पगार वेळेवर होत नसे, म्हणून वाण्याची उधारी व सावकाराचे व्याज चालूच राही. यंत्रात हात सापडून तुटला, तर त्या माणसाने गावाकडची वाट धरावी एवढेच त्याच्या हाती उरे. बायका आणि लहान मुलेही याच चक्रात होती. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. परंतु प्रौढ स्त्रीपुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्या कायद्यात एक शब्दही नव्हता.

येथे प्रश्न असा उभा राहतो की, हजारो माणसांचे हे दुःख इतके दिवस कोणाच्याच कानी का गेले नाही? मुंबईत वृत्तपत्रे नव्हती असे नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्रांचा पाया घातला होता. १८४२ साली अमेरिकन मिशनच्या मंडळींनी अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू केला होता. पुढील चाळीस वर्षांत कितीतरी पत्रे निघाली, काही चालली, काही बंद पडली. परंतु या पत्रांचा वाचक बहुधा शिकलेला, सरकारी कचेरीत बसणारा किंवा व्यापारउदीम करणारा असे. शेतकरी व मजूर हे त्यांत कधी दयेचा, तर कधी उपदेशाचा विषय होत. स्वतः बोलणारे म्हणून ते तेथे क्वचितच दिसत.

हे अंतर मोडण्याचा पहिला यत्न पुण्यास झाला. महात्मा जोतीराव फुले, ज्यांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते, त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. या समाजाचे एक तडफदार कार्यकर्ते कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ‘दीनबंधु’ नावाचे साप्ताहिक पुणे येथे सुरू केले. शेतकरी, कारागीर व मजूर यांच्यासाठी त्यांच्याच साध्या मराठीत लिहिलेले पत्र, असे त्याचे स्वरूप होते. पुढील वर्षीच, म्हणजे १८७८ साली, लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांस तो लागू नव्हता, देशी भाषांच्या पत्रांसच होता. सामान्य माणसाच्या भाषेत छापलेल्या कागदाचे सामर्थ्य परक्या राज्यकर्त्यांनीही किती ओळखले होते, हे यावरून दिसून येईल. तो कायदा १८८२ साली रद्द झाला.

‘दीनबंधु’स मात्र सरकारपेक्षा कर्जाचा जाच अधिक झाला. ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे, त्यांपैकी बहुतेकांस वाचता येत नाही आणि वर्गणी देण्याइतके पैसेही त्यांच्या गाठी नाहीत, ही अडचण साधी नव्हती. भालेकरांच्या हातून पत्र चालेनासे झाले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणून स्वतःच्या खांद्यावर घेतले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. मुंबईत बांधकामाचे ठेके घेऊन स्थायिक झालेले अनेक तेलुगुभाषी गृहस्थ सत्यशोधक समाजाचे आधारस्तंभ होते. ज्यांची घरची बोली मराठी नव्हती अशा माणसांनी या मराठी चळवळीस हात द्यावा, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता, ज्यांस वाचता येत नाही त्यांस वृत्तपत्राचा काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, छापलेला कागद एकट्याने वाचावयाचा ही रीत अलीकडची आहे. चाळीच्या ओट्यावर वाचणारा एक असला तरी ऐकणारे दहा असू शकतात. एका गिरणीतील कामकऱ्यास वाटे की पगार थकतो तो आपलाच, मुकादम दरडावतो तो आपल्यालाच, आणि हे सारे आपल्या नशिबाचे भोग आहेत. परंतु तीच हकीकत दुसऱ्या व तिसऱ्या गिरणीतूनही येते असे छापलेले ऐकले, म्हणजे नशिबाचा भोग म्हणून जे वाटत होते ते सर्वांचे समान गाऱ्हाणे आहे हे त्यास कळते. समान गाऱ्हाण्यास नाव मिळाले की त्याची मागणी होते. मागणी लेखी झाली की तिचा अर्ज होतो. आणि अर्जावर पुरेशा सह्या झाल्या की त्याचा कायदा होण्याचा संभव उत्पन्न होतो. राष्ट्राच्या घडणीत भाषा आणि वृत्तपत्रे जे कार्य करतात ते हेच होय, आणि लोखंडे यांच्या चरित्रात त्याची एकेक पायरी स्पष्ट दिसते.

१८८४ साली कारखाना कायद्यात सुधारणा करावी की काय, याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने चौकशी मंडळ नेमले. मालकांस आपले म्हणणे मांडण्याची साधने होती; १८७५ सालीच त्यांची गिरणीमालक संस्था निघाली होती. कामकऱ्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. तेव्हा लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्याच्या २३ व २६ तारखांस गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि एक अर्ज तयार करून त्यावर सुमारे ५,५०० कामकऱ्यांच्या सह्या घेतल्या. त्या अर्जात मागण्या पाच होत्या. दर रविवारी सर्वांस पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. आणि कामावर इजा झालेल्या माणसास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन देऊन, तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज करावी. आजच्या वाचकास या मागण्या किती माफक वाटतील! परंतु हिंदुस्थानातील मजुरांनी एकत्र येऊन मांडलेल्या पहिल्या मागण्यांत त्यांची गणना होते, आणि राष्ट्रीय सभेचा जन्म होण्यास त्या वेळी अजून सव्वा वर्षाचा अवकाश होता.

याच प्रसंगातून उदयास आलेली गिरणीकामगारांची संस्था ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या नावाने प्रसिद्ध आहे. लोखंडे तिचे अध्यक्ष. पुढे सरकारी अहवालांतून तिच्याविषयी असे नमूद झाले की, या संस्थेस सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि लेखी नियमही नाहीत. हे खरेच होते. मग ती उभी राहिली कशावर? आमच्या मते ती उभी राहिली ‘दीनबंधु’च्या पानांवर, जाहीर सभांतील मराठी भाषणांवर, आणि अडलेल्या कामकऱ्यास फुकट सल्ला देणाऱ्या एका माणसाच्या शब्दावर.

लोखंडे यांचे हे कार्य सर्वांस रुचले असे मात्र नव्हे. त्या काळच्या बहुतेक देशी वृत्तपत्रांनी कारखाना कायद्यास विरोध केला. त्यांचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते. हिंदुस्थानातील गिरण्यांची भरभराट इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या डोळ्यांत सलत होती, आणि या कायद्यासाठी त्यांनी विलायतेत मोठाच आग्रह धरला होता. त्यामुळे मजुरांच्या दयेचे निमित्त करून आपला बाल्यावस्थेतील धंदा बुडविण्याचा हा डाव आहे, असे अनेक देशभक्तांस मनापासून वाटे. लोखंडे यांच्यापुढे खरी कसोटी होती ती ही. परक्याचा हेतू शुद्ध नसेल, म्हणून आपल्या माणसाचे दुःख खोटे ठरते काय? ‘दीनबंधु’ कामकऱ्यांच्या बाजूस उभा राहिला. देशी धंदा वाढला पाहिजे हे खरे, परंतु तो वाढविणारी माणसेही देशाचीच आहेत, हे त्याच्या भूमिकेचे सार होते. राष्ट्राची उन्नती म्हणजे कोणाची उन्नती, हा प्रश्न मराठीत इतक्या उघडपणे क्वचितच विचारला गेला असेल.

१८८४ च्या अर्जास लगेच फळ आले नाही. लोखंडे यांनी पुन्हा अर्ज केले, पुन्हा सभा भरविल्या. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० गिरणीकामगारांची प्रचंड सभा झाली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या काळी सुशिक्षित घरांतील स्त्रियाही जाहीर सभेत बोलण्यास धजत नसत, त्या काळी गिरणीत राबणाऱ्या बायांनी आपल्या बोलीत हजारोंपुढे उभे राहून बोलावे, हे केवढे परिवर्तन! आठवड्यास एक सुट्टी मिळावी अशा मागणीचा अर्ज गिरणीमालकांच्या संस्थेकडे गेला, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. गिरणीकामगारांस रविवार मिळाला तो असा. कचेऱ्या व शाळा त्या दिवशी बंद असतच. ख्रिस्ती कुटुंबांचा तो उपासनेचा दिवस, आणि देशावरून मुंबईस आलेल्या कित्येक कामकऱ्यांस तो खंडोबाचा वार म्हणून आधीच प्रिय होता. एकाच दिवशी सर्वांस उसंत मिळाली, हे समाजाच्या दृष्टीनेही हिताचेच झाले.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांविषयी आयोग नेमला व त्याच्या मुंबईतील कामात लोखंडे यांस सहकारी म्हणून स्थान मिळाले. १८९१ साली नवा कायदा झाला. त्याने नऊ वर्षांखालील मुलांस कारखान्यात मज्जाव केला, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांस सात तासांची व स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा घातली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती व आठवड्याची सुट्टी कायद्यात आणली. प्रौढ पुरुषांच्या तासांस मर्यादा पडण्यास १९११ साल उजाडावे लागले, आणि आठवड्यास ४८ तासांचा नियम घेऊन १९४८ चा कारखाना कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर. परंतु पहिले पाऊल उचलणारा माणूस कोण, हे विसरता येणार नाही.

लोखंडे यांच्या स्वभावाचे काही विशेष येथे सांगितले पाहिजेत. ते जोतीरावांचे निष्ठावंत अनुयायी होते, तथापि संपादक म्हणून त्यांची बुद्धी स्वतंत्र होती. जोतीरावांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे आरंभीचे भाग ‘दीनबंधु’त आले, परंतु पुढील भाग छापण्याचे लोखंडे यांनी नाकारले आणि त्यामुळे जोतीराव नाराज झाले. छापलेल्या शब्दाची जबाबदारी संपादकावर असते. त्यांचा निर्णय योग्य होता की अयोग्य, याविषयी दोन मते होतील. परंतु एवढ्या मतभेदानंतरही कामकऱ्यांच्या सभांत दोघे एकत्र उभे राहिले, हे महत्त्वाचे.

प्रतिपक्षाविषयीही या मंडळींचे मन मोठे होते. ‘केसरी’ आणि ‘दीनबंधु’ यांचे मार्ग निराळे व वाद कडाक्याचे. तरीही १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा जोतीरावांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते दोघे सुटले, तेव्हा सत्यशोधक मंडळींनी त्यांचा सत्कार केला. लेखणीने भांडावे, परंतु लेखणी धरणाऱ्याचा हात बांधला जाऊ नये, हा धडा आजच्या वृत्तपत्रांसही उपयोगी आहे.

लोखंडे यांची दृष्टी गिरणीच्या भिंतींपाशी थांबली नाही. विधवांच्या केशवपनाची क्रूर रूढी मोडावी म्हणून त्यांनी मुंबईच्या न्हावी बांधवांस हाक दिली, आणि हे काम आपण करणार नाही असा निश्चय त्या कारागिरांनी १८९० साली केला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात भयंकर दंगा झाला. तेव्हा कामकरी वस्त्यांत सलोखा राखण्यासाठी ते झटले. त्यांच्या लोकसेवेबद्दल सरकारने त्यांस ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमले व रावबहादुर ही पदवी दिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगने प्रवेश केला. ज्यांस शक्य होते ते शहर सोडून पळाले; ज्यांस शक्य नव्हते ते अंधाऱ्या चाळींत राहिले. लोखंडे या दुसऱ्यांबरोबर राहिले. रोग्यांसाठी त्यांनी मराठा हॉस्पिटल उभारण्यात पुढाकार घेतला व स्वतः शुश्रूषेच्या कामात पडले. अखेर त्याच रोगाने त्यांस गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आतच, त्यांचा अंत झाला. त्यानंतर अवघ्या एका महिन्याने, १० मार्च रोजी, पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनीही देह ठेवला. ज्यांच्या वतीने बोलावयाचे त्यांच्या संगतीत मरावयासही तयार असावे, हे या दोघांनी कृतीने दाखविले.

मुंबईत परळ येथील कामगारविषयक अभ्यासाच्या शासकीय संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे, आणि २००५ साली भारत सरकारने त्यांचे टपालाचे तिकीट काढले. एके काळी टपालखात्यात चाकरी केलेल्या माणसाचे चित्र शंभर वर्षांनंतर टपालाच्या तिकिटावर यावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? तुमच्यापैकी कित्येकांचे वडील वा आई पाळीवर जातात. आठवड्याची त्यांची सुट्टी या भागातील कित्येक कारखान्यांत रविवारऐवजी गुरुवारी पडते. तो वार कोणताही असो, त्या एका दिवसामागे ५,५०० माणसांच्या सह्यांचा कागद आहे, हे त्यांस सांगा. तुम्ही शाळेत जे वाचावयास व लिहावयास शिकता, ते केवळ परीक्षेसाठी नव्हे. शेजारच्या खोलीतील ज्यास अर्ज लिहिता येत नाही त्यास तो लिहून द्या. ज्यास सूचनाफलकावरील मजकूर कळत नाही त्यास तो समजावून सांगा. उत्तरेतून व पूर्वेकडून पोटासाठी चाकणला आलेल्या ज्या माणसांस आपली भाषा अजून येत नाही, त्यांस ती प्रेमाने शिकवा आणि त्यांची भाषा थोडी तुम्ही शिका. मुंबईच्या तेलुगु गृहस्थांनी मराठी कामकऱ्यांच्या चळवळीस आधार दिला होता, त्याची ती अल्पशी फेड होईल.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, घरी एखादे चांगले मराठी वृत्तपत्र यावे आणि ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आज बातमी हातातील मोबाईलवर क्षणात येते व क्षणात जाते. परंतु ती खरी की खोटी, आणि ती कोणाच्या हिताची, हे पारखण्याची सवय एका क्षणात लागत नाही. लोखंडे यांच्या हाती संपत्ती नव्हती, सत्ता नव्हती, मोठी विद्वत्ताही नव्हती. साधी मराठी, थोडेसे खिळे व शाई, आणि ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे ऐकून घेणारा कान, एवढ्या भांडवलावर त्यांनी या देशातील श्रम करणाऱ्या माणसास बोलते केले. असे भांडवल आपल्यापैकी प्रत्येकापाशी थोडेबहुत आहेच. ते कोणाच्या कामी लावावयाचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.